एकही गिऱ्हाईक गेलं नाही

जेवणाआधी घरातली मरियमची तसबीर कोणी भिंतीवरून उतरवतं का? सुहामने हा प्रश्न आधी मनाशी विचारला, मग मुलाकडे बघून विचारला, आणि तिसऱ्यांदा सगळ्या घराला ऐकू जाईल असा. मेर्नाने तोवर तसबीर दोन्ही हातांनी उचलून सोफ्यावर उशीला टेकवून ठेवली होती. तिला भिंत रिकामी हवी होती. त्या भिंतीवर ती प्रोजेक्टरने आपल्या कंपनीची पानं दाखवणार होती.

"मावशी, दहा मिनिटं फक्त."

"म्हणजे देवाची आई सोफ्यावर बसणार, आणि आपण तिच्याकडे पाठ करून तुझा सिनेमा बघणार."

एवढ्यावर भागलं असतं तर सुहामने सोडून दिलं असतं. पण दारातून आत येताना या मुलीने मावशीच्या गालाला गाल लावायचा सोडून हात पुढे केला होता. सख्ख्या धाकट्या बहिणीची मुलगी, आणि बँकेतल्या माणसासारखा हात पुढे करते. वर म्हणते, "वेळ दिल्याबद्दल आभारी आहे." सुहामने तो हात घेतला, उलटा करून तळवा पाहिला, आणि सोडून दिला. स्वयंपाकघरात डोल्म्याचं, भात भरलेल्या द्राक्षाच्या पानांचं, पातेलं परातीत उपडं करायचं राहिलं होतं. ते तसंच राहिलं.

मेर्ना अशी का वागतेय, हे फादीने आईला आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या शिकागोतल्या एका फंडाने तिच्यापुढे अट ठेवली होती. लहान दुकानांचा धंदा कळणाऱ्या कोणीतरी आधी नीट तपासून पैसे घालावेत, मग आम्ही मागून येतो. घरच्यांनी मायेपोटी दिलेले पैसे आम्ही धरत नाही. मेर्ना आणि तिचा धंद्यातला जोडीदार कोरी यांच्याकडे वसंत लागेपर्यंत पुरेल एवढंच उरलं होतं. त्यानंतर कंपनीला कुलूप, आणि दोघं परत कुणाच्या तरी चाकरीत. तेव्हा तिला मावशी नकोच होती. डेट्रॉइटच्या जॉय रोडवर, गोळी न शिरणाऱ्या काचेमागे बसून ज्या बाईने दुकान चालवलं, आणि आता तीन पेट्रोल पंपांवर जिची सही चालते, ती बाई हवी होती.

"परक्यासारखं बघायचं म्हणे," सुहाम तेव्हा फादीला म्हणाली होती. "परक्यांसाठी मी द्राक्षाची पानं गुंडाळत बसत नाही."

आता मेर्ना भिंतीजवळ उभी राहिली. केस मागे बांधलेले, बोटांत पानं पुढे सरकवायचं बटण. फादी खुर्चीत मागे रेलून बसला, आईपेक्षा आधी मान डोलवायच्या तयारीत.

सुहामचं शाळेशी दुसरीपर्यंत कसंबसं जमलं होतं, तेही इराकातल्या तेल केफ गावच्या नन्सच्या छडीमुळे. पान समोर आलं की ती आधी चित्र बघायची, मग आकडा, आणि अक्षरं वेळ उरला तर. पहिल्या पानाला तिला काही बोलायचं नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानात एक वस्तू संपते आणि दुसरी फळीवर कुजते. मेर्नाचा प्रोग्रॅम गल्ल्याशेजारच्या एका लहानशा मशीनमधून विक्रीवर नजर ठेवतो आणि कुठला माल कधी, किती मागवायचा ते सांगतो. हे खरं होतं. हे दुखणं सुहामने स्वतः भोगलं होतं.

पुढच्या पानावर एक भलंमोठं वर्तुळ आलं.

"देशातली ही सगळी लहान दुकानं," मेर्ना म्हणाली. "यातली एक टक्का जरी आपल्याकडे आली—"

"कुठली एक टक्का?"

"म्हणजे?"

"रस्त्याच्या डाव्या बाजूची की उजव्या? टक्का दुकानात येत नाही, मुली. माणूस येतो, आणि तो येतानाच चिडलेला असतो. पुढे."

मग चार खणांची चौकट आली. तीन खणांत दुसऱ्या कंपन्यांची नावं दाटीवाटीने बसलेली. वरच्या उजव्या खणात मेर्नाची कंपनी, एकटी.

"हे सगळे तळघरात, आणि तू एकटी गच्चीवर?"

"सगळे असंच काढतात, मावशी."

"मग सगळ्यांच्याच गच्चीवर गर्दी असेल. पुढे."

फादी खोकला. मेर्नाची मान ताठ होती, पण बटणावरचा अंगठा पांढरा पडला होता. पुढचं पान दाखवण्याआधी तिने श्वास घेतला. या पानाची वाट ती सुरुवातीपासून बघत होती हे कोणालाही कळलं असतं.

डेट्रॉइटचा नकाशा होता. त्यावर चौदा हिरवे ठिपके, आणि शेजारी खालून वर चढत गेलेली एक रेघ. ती कुठेही खाली आली नव्हती.

"चौदा दुकानं. सगळी पैसे देणारी. आणि सुरुवातीपासून आजवर," तिने क्षणभर थांबून मावशीकडे पाहिलं, "एकही गिऱ्हाईक गेलं नाही. शिकागोवाल्यांना हेच पान सगळ्यात आवडलं."

सुहाम पुढे सरकली. चष्मा नाकावर खाली घेतला.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"माझ्याकडून पावाच्या भावावरून गेली, उन्हाळ्यात बर्फ संपला म्हणून गेली. एक बाई तर मी तिच्या कुत्र्याला हाड म्हटलं म्हणून गेली. तुझ्याकडून कोणीच नाही?" तिने बोट वर केलं. "तो ठिपका कुणाचा? ग्रँड रिव्हर रस्त्यावरचा."

"नबीलचा."

"त्याच्या खालचा?"

"रमझीमामांचा. मावशी, तू कोणालाही फोन कर. शिकागोवाले करणारच आहेत."

मेर्ना हे बोलली ते मनापासून बोलली. सुहामने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग पदार्थांच्या बशा बाजूला सारून फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि दिराच्या मुलाला, नबीलला लावला.

"काकू! आज कशी आठवण? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. मेर्नाचं मशीन कसं चाललंय?"

"एकदम झकास. मुलगी हुशार आहे हो, आपल्या घराण्यात एवढी—"

"काल त्याच्यावर काय मागवलंस?"

"काल ना... काल दुकानात भाचा होता."

"परवा?"

पलीकडे गल्ल्याचा खण बंद झाल्याचा आवाज आला.

"काकू, ती तिथे नाही ना?"

मेर्नाने ओठांवर बोट ठेवलं. सुहामने ते पाहिलं.

"आहे. समोरच उभी आहे."

"मग झकासच चाललंय," नबील म्हणाला.

फादीला हसू आवरलं नाही. मेर्ना हसली नाही. सुहामने पुढचा फोन मामेभावाला, रमझीला लावला. तो तिच्याच वयाचा, त्याला आडपडदा ठाऊक नव्हता.

"सुहाम, सरळ सांग, पोरीला किती कमी पडतायत? ते मशीन गल्ल्याखाली खोक्यात आहे. पैसे महिन्याला जातात, जाऊ देत, चर्चला जातात तसे. बाप नाही तिला. आपण एवढंही नाही करायचं?"

"करायचं, रमझी. जेवलास का?"

"जेवतोय."

"जेव."

सुहामने फोन ठेवला. भिंतीवर चौदा ठिपके तसेच हिरवे होते. मेर्नाने एकेका ठिपक्याकडे पाहत मान हळूहळू वळवली. ती नावं, सगळी नात्यातलीच, मनात म्हणत असावी, कारण शेवटच्या ठिपक्याशी तिचे ओठ थांबले.

"मी प्रत्येकाच्या दुकानात जाऊन बसले होते," ती म्हणाली. "शिकवलं होतं सगळ्यांना."

"त्यांनी चहा पाजला?"

"हो."

"खायला?"

"रमझीमामांनी कबाब मागवला होता."

"तिथेच कळायला हवं होतं. गिऱ्हाईक कबाब खायला घालत नाही."

फादी उठला. त्याने सोफ्यावरची तसबीर उचलून छातीशी धरली. "आई, पुरे आता. पोरगी केवढीशी झालीय बघ. चेक दे आणि जेवायला वाढ."

"मला चेक नको," मेर्ना म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिने लॅपटॉपची वायर काढली आणि ती हातावर गुंडाळायला लागली, नीट, एकावर एक वेढा. "तसा नको, फादी. चौदा जण तेच तर करतायत."

भिंत पांढरी झाली. सुहामने त्या वेढ्यांकडे पाहिलं. या मुलीची आई लहानपणी रडू आलं की अशीच कपड्यांच्या घड्या घालायची, आणि मग न रडता उठून जायची.

"तसबीर ठेव खाली," तिने मुलाला सांगितलं. "अजून झालेलं नाही." मग मेर्नाकडे वळून, "तुला शिव्या कोण घालतं?"

"काय?"

"सरळ विचारतेय. तुझ्या मशीनपायी तुला रोज शिव्या घालणारं कोणी आहे का नाही?"

मेर्नाचे हात थांबले. "आहे एक. शेजारच्या हॅमट्रॅमक गावचा. सालेह म्हणून येमेनी दुकानदार आहे. पण तो या पानात नाही. कोरी म्हणाला, याला फोन गेला तर आपण मेलो."

"ओळख कशी झाली?"

"नाही ओळख. कोरी त्याच्याकडे सोडा घ्यायला गेला होता, दोघांची कशावरून तरी बाचाबाची झाली, आणि त्याने मशीन ठेवून घेतलं."

"नंबर दे."

"मावशी, नको."

"तूच म्हणालीस, परक्यासारखं बघ. दे."

दोनदा वाजून फोन उचलला गेला. मागे दाराची घंटी, कोणाची तरी घासाघीस. सुहामने अरबीत सलाम केला आणि मेर्नाच्या कंपनीचं नाव घेतलं. बाकी काही विचारायची गरज पडली नाही.

"बरं झालं, कोणी वडीलधाऱ्या माणसाने फोन केला," सालेह म्हणाला. "या पोरांना सांगा. रमजानात माझं दुकान सूर्य मावळल्यावर चालतं. यांच्या मशीनला वाटलं, दिवसा दूध खपत नाही म्हणजे गाव उठून गेलं. दूध निम्म्यावर आणलं! इफ्तारला मी लोकांच्या हातात काय ठेवू, नळाचं पाणी?"

"मग?"

"मग त्या कोरीला असा धुतला की विचारू नका. दुसऱ्या दिवशी नीट झालं. आता ट्रकचं घ्या. ट्रकवाला दोन खोकी कमी उतरवतो, मशीन धरतं की सगळा माल आला. सांगून सांगून थकलो. ही मुलगी दर वेळी म्हणते, करतोय काका, करतोय. फोन मात्र उचलते. मी आडवेळी केला तरी उचलते."

"मग बंद का नाही करत?"

पलीकडची घासाघीस संपली होती. घंटी वाजली आणि दार लागलं.

"बंद कशाला करू?" तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला. "मी आता रविवारी दुपारी मुलांना घेऊन नदीवर जातो. आधी मी रविवारी मागच्या खोलीत खोकी मोजत असायचो. ब्रुकलिनला भाऊ आहे माझा, त्यालाही हवंय हे. पण ही बया देत नाही. म्हणते ट्रकचं काम होऊ दे, मग देते. अहो, विकायला बसलीय आणि विकत नाही! तुम्ही कोण पण?"

"या कंपनीत पैसे घालावेत का ते बघतेय."

"तिची कोण तुम्ही?"

सुहामने मेर्नाकडे पाहिलं. वायर तिच्या हातावर अर्धी गुंडाळलेली, अर्धी जमिनीवर.

"कोणी नाही," सुहाम म्हणाली.

"मग ऐका. घालायचे तर लवकर घाला. ही पोरं बंद पडली तर मी अडकेन." आणि त्याने फोन ठेवून दिला, गिऱ्हाईक आलं असावं.

सुहामने चष्मा काढून पुसला. गुडघ्यांवर हात देऊन उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि पातेल्यावर परात पालथी घालून एका झटक्यात ते उपडं केलं. आतून वाफ आली. ती परात घेऊन परत आली तेव्हा मेर्ना होती तिथेच उभी होती.

"भावाला का नाही दिलंस?"

"त्याच्याकडे चार ट्रक येतात आठवड्याला. चारही चुकले असते." मेर्ना जमिनीकडे बघत म्हणाली. "सालेहकाकांचं नाव गेलं असतं त्याच्यापुढे."

सुहामने परात टेबलाच्या मधोमध ठेवली.

"ते चौदा ठिपके पुसून टाक. उद्या प्रत्येकाकडे जा, मशीनं गोळा कर, या महिन्याचे पैसे परत दे. ज्याला खरंच हवंय तो भांडून ठेवून घेईल, तो तुझा. आणि शिकागोला या सालेहचा एक ठिपका घेऊन जा. खाली त्याचा नंबर."

"एक ठिपका बघून हसतील ते, मावशी."

"हसू देत. त्याला फोन लावला की थांबतील."

"आणि नाही थांबले तर?"

"तर त्यांना दुकानदारीतलं कळत नाही. दुसरे शोधू."

मेर्नाने मान वर केली. ते 'शोधू' तिच्या कानावर पडलं होतं, पण त्यावर भरवसा ठेवावा की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं. फादीने तसबीर अजून धरलेलीच होती.

"म्हणजे तू पैसे घालतेयस?" मेर्नाने विचारलं. "मावशी म्हणून, का..."

सुहामने तिच्या ताटात पहिला डोलमा वाढला, मग दुसरा, आणि पळी परातीच्या काठावर आपटली.

"भाची म्हणून तू पार वाया गेलीयस, मेर्ना, तुझ्या आईला मी हे सांगणार आहे. पण तुला दुकान चालवता येईल. जेव, आणि मग कुठे सही करायची ते दाखव."