हरभऱ्यातला माइक

साजिद आमच्या बँडचा गायक होऊ शकला नाही. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही.

तर, २००७ साली अकोल्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमच्या मेटल बँडला एकच माइक मिळणार होता, आणि गाणारे दोन होते, रय्यान आणि साजिद. रय्यानचा उस्ताद ब्रूस डिकिन्सन, म्हणजे उंच, स्वच्छ आवाज. साजिदचा चक शुल्डिनर, म्हणजे घशातली गुरगुर. मी ड्रमवर असल्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही.

साजिदचे अब्बा, जैनुद्दीनचाचा, हिवरखेडला शेती करायचे. त्या वर्षी गावात पुढारी यायचे आणि नीलगाईंचे, म्हणजे आमच्याकडच्या रोह्यांचे, कळपही यायचे. पुढारी परत यायचे नाहीत. माइकचा वाद ऐकून चाचा म्हणाले, "हरभऱ्यातले रोही जो हाकलंल, त्याले माइक."

दिवेलागणीला आम्ही शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, उभे राहिलो. रय्यानने एक लांब सूर लावला. रोही दचकून ओढ्यात पळाले. ते परतल्यावर साजिद पोटापासून गुरगुरला. त्यांनी कान टवकारले. मग ओढ्यातून आणखी रोही आले, पाडसांसकट, आणि त्याच्याकडे तोंड करून शांत उभे राहिले.

"अबे, तू हाकलून राहिला का बोलावून राहिला?"

"अब्बा, पब्लिक तर पाहा!" साजिद म्हणाला. एवढे श्रोते त्याला कधीच लाभले नव्हते.

चाचांनी माइक रय्यानला दिला.

सबब, वन विभागाने सदर रोह्यांची उपस्थिती साजिदच्या बाजूचे मतदान म्हणून ग्राह्य धरावी, पाडसांसही मताधिकार द्यावा व निकाल तात्काळ फिरवावा, ही नम्र विनंती.