आईला पाठ असलेली रेकॉर्ड

माझी आई सरूबाई संसरीहून डोक्यावर भाजीची पाटी घेऊन रोज देवळाली कॅम्पात जायची. तिथल्या एका बैठ्या बंगल्यात लष्करी बँडमधून निवृत्त झालेले मिनेझिस मास्तर आणि त्यांची बायको राहत. १९९२ सालची गोष्ट. बाई व्हरांड्यात मेथी निवडून घेत होत्या आणि आत मास्तरांनी रेकॉर्ड लावली. सॅक्सोफोनची, अमेरिकेतली जॅझ. आई पायरीवर टेकली ती रेकॉर्ड संपेपर्यंत उठली नाही.

मास्तरांनी बाहेर येऊन विचारलं, "काय समजलं, सरूबाई?"

"समजलं तर काय नाय. पण कोणी लय दिवसांनी घरी आल्यावानी वाटलं."

 पुढच्या आठवड्यात मास्तरांनी रेकॉर्डसमोर टेपरेकॉर्डर ठेवून एक कॅसेट भरली आणि आईच्या पाटीत ठेवली.

मग रोज दुपारी मळ्यातल्या आमच्या घरात ती वाजायची. आई शेपूच्या, कोथिंबिरीच्या जुड्या बांधत ऐकायची. वडील हसायचे, "लागला का तुझा भोंगा?" तीही हसायची, पण बटण बंद करायची नाही.

तीन वर्षांनी मी ती कॅसेट पुसली. कॉलेजात होतो. मित्राच्या बहिणीच्या हळदीला सिनेमातली गाणी हवी होती, कोरी कॅसेट मिळेना, आणि त्या भोंग्यावर कोणाचं काय अडलंय असं वाटलं. हळद झाल्यावर कॅसेट गुपचूप जागेवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी आईनं बटण दाबलं आणि भलतंच गाणं लागलं. थोडा वेळ ती ऐकत राहिली. मग तिनं टेप बंद केला आणि पुढची जुडी हातात घेतली. मला काही विचारलं नाही. त्यानंतर तिनं टेपला कधी हातही लावला नाही. भरून मागायला मास्तरही राहिले नव्हते. ते बंगला सोडून गोव्याला गेले होते.

पुढे मी लग्नाकार्यात साउंड सिस्टिम लावायचा धंदा सुरू केला. २००४ मध्ये नाशिक रोडच्या एका लॉन्सवर मी माइक लावत होतो. वरातीच्या बँडमधला सॅक्सोफोनवाला, पन्नाशीचा भिकन मास्तर, वरात निघायच्या आधी एकटाच काहीतरी संथ वाजवत बसला होता. ते आईचं गाणं नव्हतं. पण आवाजाची ढब ओळखीची होती, आणि असलं काही मी मिनेझिस मास्तरांच्या त्या कॅसेटशिवाय कुठं ऐकलं नव्हतं. मी विचारलं, "मास्तर, तुम्ही मिनेझिस मास्तरांना ओळखत होता का?"

त्यानं कानाची पाळी धरली. "माझे गुरू ते. नामपूरहून फौजेत आलो तेव्हा मला फुंकर मारायला त्यांनी शिकवलं. गोव्याला जाताना सगळ्या रेकॉर्डी मला देऊन गेले. पेटीभर आहेत."

मी त्याला कॅसेटचं सांगितलं. पुसल्याचंही.

"गाणं कोणतं होतं?"

"नाव माहीत नाही."

"मग चाल म्हण."

मला दोन सूरही आठवेनात. रोज ऐकलं होतं, पण ऐकलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी आईला घेऊन त्याच्या घरी गेलो. आई लाजली. "मला काय गायला येतं का, बाबा?" मग तिनं पदर सावरला, डोळे मिटले आणि हलक्या आवाजात गुणगुणायला लागली.

आधी मूळ चाल आली. "ही चाल तर कितीतरी जणांनी वाजवलीय," म्हणत भिकन मास्तर कपातला चहा ढवळत होता. मग ती जागा आली जिथं वाजवणारा चाल सोडून मनाला येईल तसा भटकतो. आईही भटकायला लागली. वर चढली, मध्येच थांबली, सुरांची लड उलगडत खाली आली. एकदा तिनं तोंडानं बारीक "शीऽऽ" केलं आणि पुढे गेली. भिकन मास्तरचा चमचा थांबला होता.

"हे तर तेच शे!" तो आपल्या नामपूरच्या बोलीत ओरडला आणि पेटीकडे धावला.

रेकॉर्ड निघाली. मी सोबत आणलेल्या रेकॉर्ड प्लेअरवर सुई टेकवली. सॅक्सोफोन सुरू झाला. आई गुणगुणत होती, रेकॉर्ड वाजत होती, आणि दोन्हींत केसाचाही फरक नव्हता. हजारो कोसांवरच्या त्या माणसानं कधीकाळी, त्या क्षणी सुचलं म्हणून वाजवलेला सूर न् सूर संसरीच्या भाजीवालीच्या गळ्यात जसाच्या तसा होता. फक्त एका जागी ती "शीऽऽ" म्हणाली आणि रेकॉर्डमध्ये काहीच नव्हतं. आई दचकली, मग खळखळून हसली.

"अगं बया! ती तर बाईंच्या कुकरची शिट्टी व्हती! मला वाटायचं त्याच्यातलीच हाय."

रेकॉर्ड संपली.  मी म्हणालो, "आई, ती कॅसेट मी पुसली होती."

"ठाऊक हाय. वर गाण्यांची नावं तूच लिवली व्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"राग तर लय आला व्हता. पण बोलून ती परत आली असती का? आन् मला पाठ व्हती की. जुड्या बांधताना वाजायची मनात."

म्हणजे नऊ वर्षं आमच्या घरात ते रोज वाजत होतं आणि आम्हा कोणाला पत्ता नव्हता.  हिरव्या डागांची तिची बोटं मांडीवर शांत पडली होती.

भिकन मास्तरनं खुंटीवरचा सॅक्सोफोन काढला आणि तिच्यासमोर खाली जमिनीवर बसला. "मावशी, तो मधला उतार परत म्हणा. पंचवीस वर्षं माझ्या हातून निसटतोय."

आईनं म्हटला. त्यानं वाजवला.

"नाय. तिथं घाई नको. तो मानूस तिथं दम घेतो, ऐकलं नाय का?"

त्यानं पुन्हा वाजवलं, पुन्हा चुकला. चौथ्या वेळी उतार अलगद उतरला. भिकन मास्तरचे डोळे भरून आले होते. आईनं मान डोलावली.

"हां. आता पुढचं घे."