बेथलेहेमच्या बोळातली घोंगडी

मी घोंगडी. वरकुट्याच्या गेणू धनगराच्या काळ्या मेंढ्यांची लोकर, त्याच्या बायकोनं कातलेलं सूत आणि घोंगड्या विणणाऱ्या सणगराचा माग यांतून मी झाले. विणून झाल्यावर मला चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात ताणून वाळवलं. तेव्हा मी इतकी ताठ होते की उभी केली असती तर भिंतीला टेकून उभी राहिले असते. अंगाला टोचायचे. अजूनही थोडी टोचते.

गेणूनं मला स्वतःसाठी केलं नव्हतं. त्याची लेक प्रयाग इंदापूरच्या मानसिंग मास्तरांशी लग्न करून गेली होती. मास्तर ख्रिस्ती. गेणूनं लेकीचं नाव घेणं सोडलं. पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं चारायला रान उरलं नाही, तेव्हा त्यानं कळप विकायला काढला. विकण्याआधी शेवटची कातरण केली, त्या लोकरीची मी. मग एका सकाळी मला खांद्यावर टाकून तो एसटीनं इंदापूरला आला आणि मास्तरांच्या दारात उभा राहिला. मास्तर बाहेर आले. गेणूनं मला उचलून त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "पावनं, थंडी लय हाय." एवढंच. चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. पण त्या दिवसापासून लेक माहेरी जाऊ लागली.

मास्तरांनी मला फार जपलं. शाळेतून आले की माझ्यावर बसून वह्या तपासायचे. नाताळात चर्चमधली पोरं येशूच्या जन्माची खबर ऐकणाऱ्या मेंढपाळांचं नाटक करायची, तेव्हा मी दर वर्षी कुणाच्या तरी खांद्यावर असायचे. मास्तर प्रयागबाईला म्हणायचे, बेथलेहेमजवळ मेंढपाळांचं शेत आहे, आपण दोघं एकदा तिथं जाऊ आणि हिला तिथं अंथरून बसू. प्रयागबाई हसायची. इंदापूरच्या बाईला बेथलेहेम म्हणजे आभाळातलंच गाव. पण शहाण्णव साली पुण्याच्या एका चर्चनं यात्रा काढायची ठरवली आणि मास्तरांनी वर्षाच्या सुरुवातीलाच दोघांची नावं दिली.

त्याच पौषात मास्तर आजारी पडले. दमा त्यांच्या घराण्यातच होता. त्यांची थोरली बहीण धोंडाबाई हिलाही होता. ती बारामतीला एका दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं. भावावर तिचा फार जीव, आणि धनगराच्या घरून आलेली भावजय तिला कधी मनापासून रुचली नव्हती. तिनं बजावून ठेवलं होतं, मानसिंगच्या अंगावर लोकर घालायची नाही, तिची बारीक कुसं श्वासात जातात.

एका दुपारी मास्तरांना हुडहुडी भरली. त्यांनी गोधडी बाजूला सारली आणि खुंटीकडं बोट केलं. खुंटीवर मी होते. प्रयागबाई थांबली. त्यांनी पुन्हा बोट केलं, तेव्हा तिनं मला काढून त्यांच्या पायांवर घातलं. त्यांनी मला हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि डोळे मिटले. तेवढ्यात बारामतीची गाडी आली आणि धोंडाबाई घरात शिरली. तिनं मला एका झटक्यात ओढून अंगणात फेकलं.

दोन दिवसांनी मास्तर गेले. डॉक्टर म्हणाले, काळीज थकलं होतं. पण मातीला जमलेल्या माणसांसमोर धोंडाबाई म्हणाली, "त्याला दम्यानं नाही मारलं. ह्या घोंगडीनं मारलं, आणि ती घालणारीनं." प्रयागबाईनं मान वर केली नाही. मला तोंड असतं तर मी बोलले असते. पण काय बोलले असते, हेही मला नीट ठाऊक नाही. लोकर माझीच होती.

यात्रेच्या दोन जागा राहिल्या. यात्रा नेणाऱ्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मास्तरांची जागा त्यांच्या बहिणीला देऊ केली. ती हो म्हणाली. प्रयागबाईही मागं हटली नाही. अशा तऱ्हेनं एकमेकींशी न बोलणाऱ्या नणंद-भावजया सप्टेंबर महिन्यात एकाच विमानात शेजारी बसल्या, आणि मी प्रयागबाईच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेली. तिकडं थंडी नसते, असं सगळ्यांनी सांगूनही तिनं मला घेतलं होतं. पाळकसाहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाली, "त्यांचं अंथरायचं राहिलंय."

यरुशलेमच्या हॉटेलात दोघींना एकच खोली मिळाली. धोंडाबाईनं आधी माझ्याकडं बघून दाराबाहेर बोट दाखवलं. मग प्रत्येक रात्री मी बाहेर सज्जात. दिवसाही ती माझ्यापासून चार हात लांब चालायची. बसमध्ये प्रयागबाई मागच्या बाकावर बसायची, कारण धोंडाबाई पुढं असायची. यात्रेतल्या लोकांना सगळं कळत होतं, पण मध्ये कोण पडणार? गालीलचा समुद्र पाहिला, यार्देन म्हणजे जॉर्डन नदीत पाय बुडवले, दोघींनी काठावर वेगवेगळ्या जागी उभं राहून प्रार्थना केली.

बेथलेहेमला गेलो त्या दिवशी सकाळपासूनच हवा बरी नव्हती. यरुशलेमात दंगल पेटली होती. आमचा गाईड इलियास बेथलेहेमचाच, ख्रिस्ती अरब. तो सारखा ड्रायव्हरशी हळू आवाजात बोलत होता. शेवटी म्हणाला, जाऊ, पण लवकर आटपू. चर्चचं दार इतकं बुटकं की प्रत्येकाला वाकून आत जावं लागलं. खाली गुहेत, येशूच्या जन्माच्या जागी, चांदीचा तारा होता. धोंडाबाई गुडघ्यावर बसली आणि तिथं बराच वेळ रडली. प्रयागबाई मागं उभी होती. पुढं जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवावा, असं तिला वाटलं असणार. मला तिच्या बोटांत ते कळलं. पण तिनं माझीच गाठ घट्ट आवळली.

तिथून मेंढपाळांच्या शेताकडं जायचं होतं. चौकात आलो तर दुकानांची शटरं धडाधड पडत होती. लांबून आरोळ्या आल्या, मग फटाक्यांसारखे आवाज. आमची बस जागेवर नव्हती. पोलिसांनी ती नाक्यापलीकडं हाकलली होती. इलियासनं सगळ्यांना हाताला धरून एका बोळातून पळवलं आणि त्याच्या मामाच्या दुकानात कोंबलं. ऑलिव्हच्या लाकडाच्या कोरीव मूर्तींचं दुकान. मामानं शटर ओढलं. आत अंधार, लाकडाचा भुसा आणि माणसांचे श्वास.

थोड्या वेळानं शटरच्या खालच्या फटीतून धूर आला. डोळे झोंबायला लागले. लोक खोकू लागले, कुणी स्तोत्र पुटपुटू लागलं. प्रयागबाईनं मला चादरीतून सोडवलं, दुकानातल्या बादलीत बुडवलं आणि पिळून फटीत कोंबलं. माझ्या एका बाजूला ती जळजळ भरत गेली, आणि आतली हवा थोडी निवळली. पण तेवढ्यात मागून वेगळाच आवाज आला. शिट्टीसारखा. मी तो ओळखला. मास्तरांच्या छातीतून तसाच यायचा.

धोंडाबाई भिंतीशी बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर, तोंड उघडं. तिनं पाळकसाहेबांना बोटानं दाखवलं की तोंडात मारायचा पंप हातातल्या बॅगेत आहे आणि बॅग बसमध्ये आहे. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. इलियासनं दुकानातून रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, गाड्या सगळ्या बाहेर आहेत, एकही मोकळी नाही. दवाखाना वर, बोळाच्या शेवटी होता. चढ आणि पायऱ्या. तिला चालणं शक्य नव्हतं. ओठ निळसर व्हायला लागले होते.

इलियासच्या मामानं फळी आणली, पण बोळाच्या वळणात ती वळणार नाही, असं इलियास म्हणाला. काहीतरी कापड हवं होतं, वजन पेलणारं. सगळ्यांची नजर शटरकडं गेली. माझ्याकडं.

प्रयागबाईनं मला ओढून काढलं. मामानं माझ्या जागी आपला कोट आणि गोण्या कोंबल्या. प्रयागबाईनं मला जमिनीवर पसरलं, धुराकडची बाजू खाली. धोंडाबाईनं ते पाहिलं आणि मान हलवली. एवढ्या श्वासातून तिनं दोन शब्द काढले. "ती... नको."

प्रयागबाईच्या मनात काय चाललं असेल, ते मी सांगू शकते, कारण तिची बोटं माझ्यात रुतली होती. ही बाई माझ्यावर घालून नेली आणि वाटेत गेली, तर एका घरातली दोन माणसं तिच्या नावावर लागणार होती. न नेली तर इथंच जाणार होती.

ती धोंडाबाईपुढं बसली. "वन्सं," ती म्हणाली, "ती वली हाय, कुसं उडायची न्हाईत. माझ्यावर राग ऱ्हाऊ द्या. पर आदी वर चला."

धोंडाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग नर्सच्या सवयीनं एक बोट वर केलं: डोकं उंच. प्रयागबाईला कळलं. तिनं स्वतःचा पदर भिजवून नणंदेच्या नाकातोंडाशी धरायला दिला, आणि चौघांनी माझी चार टोकं धरली. पायांकडं इलियास आणि मामा, डोक्याकडं पाळकसाहेब आणि प्रयागबाई. माझ्या अंगात झोळीसारखा खोलगा पडला आणि धोंडाबाई त्यात अर्धी बसती झाली.

मागच्या दारानं बाहेर पडलो. पायऱ्यांवर दगड पसरले होते. प्रत्येक पायरीला मला हिसका बसत होता. ओल्या लोकरीचं वजन आणि वर माणसाचं. प्रयागबाईकडचा काठ उसवायला लागला, धागा धागा तुटताना मला कळत होता. मी धरून राहिले. दुसरं काय करणार होते? श्वासाची शिट्टी हळूहळू बारीक होत होती, आणि शिट्टी बारीक होणं चांगलं नसतं, हे मी मास्तरांच्या घरी शिकले होते.

वळणावर सैनिक उभे होते. त्यांना दिसली ती चार माणसं आणि मध्ये काळं, भिजलेलं गाठोडं. त्यांनी बंदुका रोखल्या आणि ओरडले. इलियास आणि मामा जागच्या जागी थिजले. इलियास कुजबुजला, खाली ठेवा, हात वर करा. पाळकसाहेबांनी सांगितलं, "प्रयागबाई, खाली ठेवायला सांगतायत."

"खाली ठिवली तर आडवी हुईल," ती म्हणाली. "आडवी झाली तर जाईल. मी ठिवत न्हाय."

तिघांनी मला टेकवलं. तिनं आपल्या बाजूची दोन्ही टोकं एकटीनं पोटाशी आवळून धरली आणि तशीच उभी राहिली, बंदुकीकडं तोंड करून. एक सैनिक पुढं आला. विशीतला असेल. त्यानं बंदुकीच्या टोकानं माझा काठ उचलला. आत पिकल्या केसांची एक म्हातारी, ओठ निळे, नाकाशी ओला पदर. त्यानं बंदूक खाली केली, मागं वळून काहीतरी ओरडला आणि आम्हाला वाट दिली. इतकंच नाही, वरच्या चार पायऱ्या त्यानं स्वतः माझं एक टोक धरलं.

दवाखान्याच्या दारात धोंडाबाईला माझ्यातून उचललं, तेव्हा ती श्वास घेत होती की नव्हती, मला कळलं नाही. दार बंद झालं. प्रयागबाई मला मांडीवर घेऊन फरशीवर बसली. माझ्यातलं पाणी तिच्या लुगड्यात झिरपत होतं. कितीतरी वेळानं एक नर्स बाहेर आली आणि हसली.

दोन दिवस वाटा बंद राहिल्या. मंडळींना इलियासनं दुसऱ्या वाटेनं यरुशलेमला पोचवलं. प्रयागबाई दवाखान्यात राहिली. तिनं मला गच्चीवर धुऊन वाळत घातलं. समोरच्या उतारावर मेंढरं चरत होती. मेंढपाळांचं शेत काही पाहायला मिळालं नाही, पण त्या मेंढरांची जाडजूड शेपटी बघून ती एकटीच हसली. आबाला दावायला पायजे हुती, असं बापाच्या आठवणीनं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धोंडाबाईला बोलता यायला लागलं. तिनं प्रयागबाईला जवळ बोलावलं. मग विचारलं, "त्या दिवशी मानसिंगनं घोंगडी मागितली होती, का तू आपण होऊन घातलीस?"

"त्यांनी मागितली. दोन बारी बोट केलं."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

प्रयागबाईनं तिच्या अंगावरची चादर सारखी केली. "तुमी इचारलं न्हाय," ती म्हणाली. "आन तुमचा भाऊ गेला हुता. कुणावर तरी राग धरल्याबिगर तुमास्नी उभं ऱ्हाता आलं नसतं."

धोंडाबाई रडली नाही. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं, पण हात पलंगाच्या कडेवर तसाच ठेवला, उघडा. प्रयागबाईनं तो धरला.

आता मी इंदापुरातच आहे. माझा उसवलेला काठ धोंडाबाईनं शिवला. नाकाला फडकं बांधून, अंगणात, वाऱ्याच्या उलट्या दिशेला बसून. टाके जखमेला घालतात तसे आहेत, सुटे सुटे आणि घट्ट. दिसायला बरे नाहीत, पण निघायचे नाहीत. तिला लोकर अजून सोसत नाही, ती कधीच सोसणार नाही. मायेनं दमा जात नाही. दोघी ओसरीवर बसतात तेव्हा मी आत असते, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

मी जुनी झालेय. घरात नवी ब्लँकेटं आली आहेत, हलकी, रंगीत, न टोचणारी. मला टाकून द्यायचं म्हणाल तर माझी ना नाही, पण अजून उचलून नेण्याइतकी मी मजबूत आहे, हे लक्षात असू द्या. वर्षातून एकदा वाहत्या पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. आणि आज मला झटकायला काढलं असेल, तर जरा परसात न्या. दुपारच्या गाडीनं बारामतीहून धोंडाबाई येतेय.