टाक्याच्या पलीकडे

मी एक जुने अंगुस्तान आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेले नसेल. त्यात तुमची काही चूक नाही. हाताने शिवणारी माणसे कमी झाली तशी माझी ओळखही कमी झाली. शिवताना सुई कापडातून ढकलावी लागते. कापड जाड असले की सुईचे बूड बोटात घुसते. ते घुसू नये म्हणून मधल्या बोटावर पितळेची एक छोटी टोपी घालतात. ती टोपी म्हणजे मी.

माझ्या जन्माची कथा फार मोठी नाही. पितळेच्या पत्र्यातून एक चकती कापली गेली, तिच्यावर यंत्राचा ठोकळा आदळला आणि चकतीची टोपी झाली. मी आणि माझी भावंडे खळखळत एका परातीत पडलो. आम्ही इतके सारखे होतो की आम्हाला आई असती तर तिलाही आम्हाला वेगळे ओळखता आले नसते.

तिथून मी सुया-दोऱ्यांच्या एका दुकानात आलो. एक दिवस एक तरुण शिंपीण आली. तिने बरणीतले एकेक अंगुस्तान बोटात घातले आणि हात झटकला. कुणी उडून पडले, कुणी सैल हलत राहिले. मी जागचा हललो नाही.

“हेच द्या. हे खुळखुळत नाही,” ती म्हणाली.

माझे एवढेच कौतुक झाले, पण ते मला पुष्कळ वर्षे पुरले.

ही शिंपीण पुढे साऱ्या गल्लीची कात्रणकाकू झाली. कपडे बेतताना उरलेला कापडाचा एकही तुकडा ती फेकत नसे. बाहीच्या बगलेतून निघालेली चंद्रकोर, पडद्याची कड, गळ्याचा गोल, सगळे तिच्या टोपलीत जाई. त्यातून चष्म्याची घरे होत, गरम भांडी उचलायच्या जाड चौकटी होत, किल्ल्या अडकवायचे फास आणि लहान मुलांची लाळेरी होत. मी हे सगळे तिच्या बोटावर बसून पाहिले, आणि अजून मला त्याचे नवल वाटते. एकीकडे कुणाच्या तरी शाळेचा सदरा, दुसरीकडे कुणाच्या तरी लग्नातला झगा. आयुष्यात ज्यांची कधी भेट झाली नसती असे दोन तुकडे काकू कडेला कड लावून ठेवी. सुई जाई, येई, आणि ते दोघे जन्माचे सोबती असल्यासारखे शेजारी बसत.

काकूंच्या यजमानांना मात्र टोपलीचा वैताग होता. ते म्हणत, “या घरात अखंड असा एक मीच उरलोय.”

काकू मान वर न करता म्हणत, “थांबा जरा. अजून तुमचं माप घेतलेलं नाही.”

काकूंच्या कामाची एक खूण होती. तिने शिवलेली वस्तू उलटी केली तरी उलट बाजू सापडत नसे. कडा आत दुमडलेल्या, गाठी अस्तराच्या पोटात, टाके कापडाच्या रंगात विरघळलेले. शेजारची बेकरीवाली एकदा एक बटवा इकडून तिकडून फिरवून थकली. “काकू, याची उलट कुठली आणि सुलट कुठली, तेवढं सांगून ठेवा. नाहीतर पैसे आत ठेवायचे की बाहेर, हेच कळायचं नाही!” त्या दिवशी काकूंचे बोट माझ्या आत आनंदाने फुगले होते. मला ते जाणवले.

मग घरात मोटारीचे शिवणयंत्र आले. कामे झपाट्याने होऊ लागली. मला बटणांच्या डब्यात ठेवले गेले. तक्रार करत नाही. पण बटणांना निदान भोके असतात, दोरा कधीतरी आपल्यातून जाईल अशी आशा असते. माझ्या आत फक्त अंधार होता, बोटाच्या मापाचा.

त्या डब्यातून मला बाहेर काढले ते काकूंच्या नातीने. म्हणजे तिने हात लावला नाही. तिने कशालाच हात लावला नाही, म्हणून मी बाहेर आलो.

काकूंची नात जन्मापासून पाहू शकत नाही. बोलण्यात मोठी चुणचुणीत; गल्लीतल्या प्रत्येकाची चाल ओळखते. पण तिच्या दोन्ही मुठी सदा मिटलेल्या. आजोबांनी तिचे नाव मुठाबाई ठेवले होते. तसे का, हे काकूंच्या लेकीला पक्के ठाऊक होते. तान्ही असल्यापासून जो तो प्रेमाने तिचा हात ओढून कशावर तरी ठेवी. बघ, हे कुत्रं! बघ, हा बर्फ! बघ, ही खळ! तिला न सांगता, न विचारता, काहीतरी ओले, गार, केसाळ हाताला लागे. शेवटी तिने हातांची दारेच लावून घेतली.

सुट्टीला लेक माहेरी आली ती हीच काळजी घेऊन.

“आई, सुट्टी संपली की वर्गात ठिपक्यांची अक्षरं सुरू होणार. ती बोटांनी वाचायची असतात. बाई म्हणाल्या, जबरदस्ती करू नका, पण हात उघडले नाहीत तर ती ऐकूनच शिकेल. स्वतः वाचणार नाही.”

“कधीच?”

“नंतर फार अवघड जातं म्हणाल्या.”

काकूंनी टोपली ओढली आणि नातीसाठी कापडाचे पुस्तक करायला घेतले. मांजराचे कान, झाडाची पाने, दाराची कडी. इतकी लहान वळणे यंत्रावर नीट येत नाहीत. ती हातानेच शिवायची. डबा उघडला, बटणे उपसली गेली, आणि मी पुन्हा त्या बोटावर बसलो. बोट थोडे जाड झाले होते. तरी मी खुळखुळलो नाही.

पुस्तक देखणे झाले. पिवळे मांजर, हिरवे झाड, निळे दार. प्रत्येक कड दुमडून, इस्त्रीने बसवून, टाका लपवून. बेकरीवाली पाहून म्हणाली, “अगं बाई! हे मांजर रात्री माझं दूध पिऊन जाईल!”

लेकीला राहवले नाही. तिने मुलीचे मनगट धरले. “ये, बघ, आजीनं मनी केलीय. मऊ मऊ...”

“नको! नको ना!” मुलगी किंचाळली. पुस्तक जमिनीवर पडले. दोन्ही मुठी बगलेत गेल्या आणि ती शिवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली.

“चुकलं माझं,” लेक रडवेली झाली. “बाईंनी सांगितलं होतं, तरी ओढलाच हात.”

आजोबांनी पुस्तक उचलले. “मांजर सुरेख आहे गं,” ते हळूच म्हणाले.

काकूंनी ते त्यांच्यापुढे धरले. “डोळे मिटा. आता सांगा, मांजर कुठंय?”

आजोबांनी बोट फिरवले. “हे काय. ही शेपटी.”

“ते झाड आहे.”

आजोबांनी एक डोळा किलकिला करून पाहिले. मग काकूंनी स्वतःचे डोळे मिटले. तिचे बोट पानावरून गेले. सगळीकडे तेच गुळगुळीत सुती कापड. तिने तुकडे रंगाने निवडले होते आणि प्रत्येक टाका आयुष्यभराच्या सवयीने पुसून टाकला होता. वाचायला काही शिल्लकच ठेवले नव्हते.

“हे मी तुमच्यासाठी शिवलं,” ती म्हणाली. “तिच्यासाठी नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुस्तक उसवायला घेतले. आधी अस्तरे निघाली. उघडी पडलेली पाने तिने टेबलाखाली पसरून ठेवली, उलट बाजू वर करून, कारण उसवायच्या गाठी तिथे असतात. मुठाबाई त्या दिवशीही तिथेच जाऊन बसली होती. कुणी तिला बोलावले नाही. काकू टेबलाशी दुसऱ्याच एका तुकड्यावर टाके घालत होती. सुईचे बूड माझ्यावर टेकत होते, टिक, टिक.

मग काकूंची सुई थांबली.

खाली मुलीची मूठ एका पानाला लागली होती. तिने ती मागे घेतली नाही. पेरांची टोके त्या उलट बाजूवरून सरकली. तिथे सगळे काही होते, जे काकूंनी जगापासून लपवले होते. दुमडलेल्या कडांचे उंचवटे, दोऱ्यांची टोके, गाठी. मूठ किंचित सैल झाली. एक बोट बाहेर आले.

“आजी, इथे रस्ता आहे.”

“हो का?” काकूंचा आवाज अगदी साधा होता.

“वर चाललाय. आता वळला. टोकदार वळला! परत खाली...” तो मांजराचा कान होता. “इथे गाठ. संपला?”

“मला इथून दिसत नाही. तूच सांग.”

“नाही संपला. गाठीच्या पलीकडे दुसरा सुरू होतो.”

तेवढ्यात लेक दारात आली. मुलीचे उघडे बोट पाहून ती धावणारच होती. काकूंनी मी ज्यावर होतो ते बोट वर केले आणि ओठांनीच म्हणाली, “जागची हलू नकोस.”

मित्रांनो, मी त्या क्षणी जे शिकलो ते इतक्या वर्षांत शिकलो नव्हतो. मी कायम सुईच्या बुडाशी. ढकलायचे, एवढेच माझे काम. टाका कापडाच्या पलीकडे जाऊन काय करतो, हे मी कधी पाहिलेच नव्हते. आणि तिथे, पलीकडे, एक अख्खा मुलूख होता. त्यात रस्ते होते, चढ होते, वळणे होती. तो मुलूख आम्ही दोघांनी वसवला होता आणि आम्हालाच त्याचा पत्ता नव्हता. एक मिटलेली मूठ तिथे आपणहून गेली आणि आम्हाला त्याचे वर्णन सांगू लागली.

काकूंनी पुस्तक पुन्हा शिवले. या वेळी कडा बाहेर, गाठी बाहेर, दारासाठी जाडाभरडा दोरा, झाडासाठी आडवेतिडवे टाके. वाटते तितके ते सोपे नव्हते. तिचे हात आपोआप गाठ लपवत. मग उसवावे लागे.

“जन्मभर नीटनेटकं शिवलंस,” आजोबा म्हणाले. “आता गबाळं शिवता येईना होय?”

“गबाळं नाही हो. ठळक शिवतेय. हात ऐकत नाहीत. तुम्ही शिवून दाखवा.”

आजोबांनी एक फूल शिवून दाखवले. मुलीने ते पान वाचून विचारले, “हा खेकडा कुणी केला?” घर हसून हसून लोळले. खेकडा पुस्तकात राहिला.

सुट्टी संपली. पहिल्या दिवशी मुलगी शाळेतून आल्यावर लेकीने फोन केला. बाईंनी ठिपक्यांचा कागद मेजावर ठेवला, कुठे आहे ते सांगितले, आणि त्या दुसऱ्या मुलाकडे वळल्या. बऱ्याच वेळाने मुलीने तो बोटाने शोधला. “म्हणाली, आई, हे तर आजीच्या गाठींसारखं आहे, पण फार बारीक शिवलंय.” काकूंनी फोन ठेवला आणि पदराच्या टोकाऐवजी हातातल्या लाळेऱ्यानेच डोळे पुसले.

आता मुलगी दर सुट्टीला येते. आज ती काकूंच्या मांडीशी येऊन बसली. “आजी, तुझ्या बोटावर टिक टिक वाजतं ते काय असतं? मला दाखव.” आणि तिने हात पुढे केला. पालथा नाही, मिटलेला नाही. तळहात वर करून, सगळी बोटे उघडून.

काकूंनी मला काढले आणि त्या हातावर ठेवले.

सुईचे बूड घसरू नये म्हणून माझ्या अंगभर बारीक खळगे आहेत, ओळीने गोल गोल जाणारे. मुलीचे बोट त्यांच्यावरून एकदा गेले. मग परत गेले, हळू.

“आजी, यावर काय लिहिलंय?”

काकू हसली. “मी कधी वाचलं नाही गं. तू वाच.”

मित्रांनो, कुणी मूठ मिटून बसले असेल तर ती सोडवायला धावू नका. त्याच्याजवळ काहीतरी ठेवा, ते कुठे आहे ते सांगा, आणि आपले काम करत राहा. बोटे आपली वाट शोधतात. माझ्यावर काय लिहिले आहे, ते मलाही ठाऊक नाही. ती वाचते आहे. मी अगदी स्तब्ध आहे.