या टाकीत नळाचे पाणी घालू नये

मित्रांनो, मी एक जुनी माशांची टाकी आहे आणि आठ वर्षं मी धडधडीत खोटं बोलले. तुम्ही म्हणाल, काचेला कुठलं तोंड? अहो, तोंड नसलं की खोटं जास्त खपतं. माणूस बोलला तर कोणीतरी दोन प्रश्न विचारतं. पोहणारे मासे दाखवले की सगळे गप्प बसतात. तेव्हा कान देऊन ऐका. मध्येच कोणी "अय्या, किती गोड मासे!" म्हटलेलं मला चालत नाही.

माझा जन्म १९९३ सालचा. पेठेतल्या एका काचवाल्याने पाच जाड काचा लोखंडी चौकटीत बसवल्या आणि मला टेम्पोत घालून हडपसरला धाडलं. तिथे हिंमतरावांचा नवाकोरा कारखाना होता. स्कूटरच्या सुट्या भागांना क्रोमचा चकचकीत मुलामा द्यायचं काम. या कामात जे पाणी उरतं ते पिवळं आणि विषारी. ते तसंच ओढ्यात सोडायचं नाही, औषधं घालून, गाळ खाली बसवून शुद्ध करायचं, मगच सोडायचं, असा कायदा. कारण ओढा पुढे नदीलाच मिळतो. म्हणून कारखान्यामागे हौद बांधले आणि शेवटच्या हौदातून एक नळी काढून ती लोखंडी कॉक लावून माझ्यात सोडली. माझ्यात मासे जगले म्हणजे ओढ्यात जाणारं पाणी ठीक आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं. इतकी साधी नोकरी. दीड-दोन वर्षं मी ती इमानाने केली. तपासणीला आलेले साहेब वाकून बघायचे, मान डोलवायचे, आणि मला काय अभिमान वाटायचा!

माझी देखभाल तुळजाबाईंकडे होती. आवार झाडायचं, बागेला पाणी घालायचं आणि माझ्या काचा घासायच्या, ही त्यांची कामं. त्या शेजारच्याच वाडीच्या. ओढ्याकाठी त्यांचा अर्ध्या एकराचा मळा होता, एक विहीर होती आणि घरी ऋतुजा नावाची नात होती. पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मंडईला रवाना करून त्या आठाच्या ठोक्याला कामावर हजर व्हायच्या. माशांशी त्या घरच्यासारखं बोलायच्या. "खा की रे मुडद्या, का पंचपक्वान्न पायजे?" असं म्हणत खाणं टाकायच्या.

मग देशात नव्या गाड्यांचा पूर आला. बाहेरच्या कंपन्या आल्या, ऑर्डरी दुपटीने वाढल्या, एका पाळीच्या तीन झाल्या. हौद मात्र होते तेवढेच राहिले. एका सकाळी पाहते तर माझे सगळे मासे उताणे! हिंमतरावांनी हौद वाढवले असं वाटलं का तुम्हाला? छे! त्यांनी माझा कॉक बंद केला.

"तुळजाबाई, उद्यापासून यात नळाचं पाणी भरायचं," ते म्हणाले. "खडकवासला धरणाचं पाणी आहे. अख्खं पुणं पितं, माशांना काय धाड भरलीय?"

नवे मासे आले, तेही दुपारपर्यंत मेले. शेवटी मासेवाल्यानेच सांगितलं, "साहेब, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. माणसांना चालतं, माशांना नाही. दोन दिवस उघड्यावर ठेवा, क्लोरीन उडून जाईल, मग घाला." झालं. शेडमागे एक निळं पिंप आलं. तुळजाबाई त्यात पाणी शिळं करायच्या आणि मला पाजायच्या. पिवळं पाणी मागच्या मागे ओढ्यात जायचं. माझ्या कॉकवर गंज चढला आणि माझ्या शेजारी पाटी लागली, 'आमचे शुद्ध केलेले पाणी'. लाज वाटायची मला. पण काचेला मान खाली घालता येत नाही.

तीन-चार वर्षांत तुळजाबाईंच्या विहिरीला पिवळी झाक आली. मेथीची पानं कडेने जळू लागली. मंडईतला आडत्या म्हणाला, "मावशी, हा माल परत न्या. माझं गिऱ्हाईक तुटेल." शेजारच्या मळ्यांतही तेच. वाडीतली दहा-बारा माणसं फाटकाशी जमली. हिंमतरावांनी त्यांना हाकललं नाही. गोड बोलून थेट माझ्यापुढे आणून उभं केलं.

"हे बघा. आमच्या पाण्यात मासे जगतात, आणि तुमची मेथी मरते होय? खत बदला, खत!"

माणसांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती परत फिरली. तुळजाबाई त्याच घोळक्यात उभ्या होत्या. त्या सकाळी त्यांनीच मला भरलं होतं. बोलावं तर पगार जाणार आणि ऋतुजाचं कॉम्प्युटरचं शिक्षण थांबणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या माझ्या काचेला कपाळ टेकून म्हणाल्या, "माझ्या हातानं माझीच हीर बुजवली गं बाई." मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं. खरंच सांगते.

२००३ सालचा श्रावण. तुळजाबाई मला रिकामी करून घासत होत्या, मासे बादलीत होते. इतक्यात फाटकाशी एक जीप थांबली. आगाऊ फोन नाही, निरोप नाही. तपासणीच्या नव्या अधिकारी पद्मजाताई उतरल्या. हिंमतराव धावत माझ्यापाशी आले.

"तुळजाबाई, भरा लवकर! मी बाईंना चहाला बसवतो. अर्धा तास आहे तुम्हाला."

तुळजाबाई पिंपाकडे गेल्या. पिंप काठोकाठ भरलेलं होतं, दोन दिवसांचं शिळं पाणी.  दोन्ही हातांनी त्यांनी पिंप गदागदा हलवलं आणि लाथ मारून आडवं केलं! सगळं पाणी गुलाबांच्या वाफ्यात गेलं. त्यांनी नळाला पाइप लावला आणि मला ताजं फेसाळतं पाणी भरलं. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त घालतात. माझ्या काचांनाही वास झोंबला. मग त्यांनी मासे सोडले.  "माफ करा रं लेकरांनो. जरा वेळ दम धरा, मी हाय हितंच."

चहा आटोपून हिंमतराव हसत आले. "या मॅडम, हे आमचं शुद्ध केलेलं पाणी."

पद्मजाताई वाकल्या. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून धापा टाकत होते. एक तर कुशीवर कलला होता.

"हे तुमचं पाणी आहे?" त्यांनी शांतपणे विचारलं. "तसं लिहू? कारखान्याच्या पाण्यात मासे गुदमरतात म्हणून?"

हिंमतराव दोन्ही हात हलवू लागले. "नाही, नाही! हे आपलं नळाचं आहे."

"अस्सं. मग पाटी कोणाची आहे? नळाची?"

मी आयुष्यात इतकी कधी हसले नव्हते. हिंमतरावांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. होय म्हणावं तर पाणी विषारी, नाही म्हणावं तर पाटी खोटी.

"तुमचं पाणी कुठे आहे?" पद्मजाताईंनी विचारलं.

"मी दाखवते," तुळजाबाई म्हणाल्या. आधी त्यांनी भराभर मासे परत बादलीत घेतले. बादलीत त्यांचंच जुनं पाणी होतं, सगळे वाचले. मग मला रिकामी केली, हातोडी आणली आणि गंजलेल्या कॉकवर ठोके घातले. हिंमतराव ओरडले, "तुळजाबाई, पोटावर पाय देताय स्वतःच्या!"

"देते. आठ वर्सं हिरीवर दिला, आता पोटावर," त्या म्हणाल्या आणि शेवटचा ठोका घातला.

कॉक फिरला. पिवळं पाणी माझ्यात आलं. घाण, जहरी, नुसतं बघवत नव्हतं. पण खरं होतं! मला रडू आलं की हसू, ते अजून कळलेलं नाही. पद्मजाताईंनी नमुना घेतला, त्याचे दोन भाग केले, दोन्हींवर लाखेचं सील केलं. हिंमतरावांना सही करावी लागली. साक्षीदार म्हणून तुळजाबाईंनी ऋतुजाने शिकवलेली अक्षरं एकेक करून काढली.

त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. मासे बादलीतून घरी गेले, गुरांच्या दगडी डोणीत, साठवलेल्या पावसाच्या पाण्यात राहिले. हौद नीट होईपर्यंत कारखाना बंद ठेवण्याचा हुकूम आला. कामगार चिडले. वाडीतही काहींनी बोल लावले, "बाईनं चाळीस घरांच्या चुली विझवल्या." तुळजाबाई कोणाची मनधरणी करायला गेल्या नाहीत. दहा महिने त्यांनी दुसऱ्यांच्या शेतात खुरपणी केली.

पुढच्या उन्हाळ्यात मोठे हौद झाले, कामगार परतले. हुकमाप्रमाणे माझ्या कॉकची मूठच कापून टाकली; आता कोणालाच तो बंद करता येत नाही. हिंमतराव स्वतः तुळजाबाईंच्या दारी गेले. "मासे घेऊन या. कामावरही या."

"आधी तुमचं पानी माझ्या वाफ्याला घालीन. मेथी उगवली तर मासे आनीन. न्हाई उगवली तर तपासणीच्या बाईंना फोन करीन."

महिनाभर त्यांनी डबे भरभरून पाणी नेलं. मेथी हिरवीगार आली. मग मासे आले आणि तुळजाबाईही कामावर आल्या. विहीर मात्र आजही पिवळीच आहे. जमिनीत मुरलेलं विष हुकमाने वर येत नाही. तुळजाबाई रोज तिच्यात डोकावतात, रोज शिव्या घालतात आणि दर सहा महिन्यांनी कारखान्याकडे तिच्या पाण्याच्या नमुन्याचा निकाल मागतात. मिळेपर्यंत हलत नाहीत.

आता आजूबाजूला काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्यात. ऋतुजा त्यातल्याच एकीत कामाला आहे. तिथे दारातच निळ्या दिव्यांची मोठी टाकी आहे म्हणे. ऋतुजाने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "सर, आपल्या बिल्डिंगचं सांडपाणी कुठे जातं? आणि ह्यात कुठलं पाणी आहे?"  ती अजून विचारतेच आहे. आजीची नात ती!

माझ्याकडची जुनी पाटी तिनेच काढली आणि नवी लिहिली. कोणी मान्यवर यायचे असले की हिंमतराव म्हणतात, ती पाटी तेवढी उतरवा. तुळजाबाई म्हणतात, "उतरवा, मी बी हातोडी आनते." म्हणून पाटी जिथल्या तिथे आहे. तुम्हीही येऊन वाचा, मित्रांनो, आणि ज्या ज्या टाकीपुढे, नदीपुढे, नळापुढे उभे राहाल तिथे पहिला प्रश्न विचारा, पाणी कुठलं? उत्तर मिळाल्याशिवाय जागचे हलू नका. पाटीवर लिहिलंय:

'या टाकीत नळाचे पाणी घालू नये. एकदा घातले होते. मासे वाचले, मालक बुडाले.'