इंदूबाईच्या नावाची सायकल

लोधिवलीच्या त्या घराला पुढचं दार होतं, मागचं दार होतं आणि दोन्ही दिवसभर उघडी असत. तरी सहदेवला घराबाहेर जाता येत नव्हतं. खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात लॉरी भरताना मालाच्या थप्पीवरून तो खाली पडला आणि त्याचा डावा खुबा मोडला. हाड जुळलं, पण आखडून बसलं. पाय पुढे वाकायचा, बाजूला मात्र उचलला जायचा नाही. चालताना त्याच्यावर भार पडला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. काठी टेकत तो परसापर्यंत जाई आणि पुन्हा ओटीवरच्या खाटेवर येऊन बसे. एसटीची पायरी तर त्याला डोंगराएवढी झाली होती.

घरासमोरून मुंबई-पुण्याचा रस्ता जायचा. दिवसभर लॉऱ्या घाटाकडे जात, घाटाकडून येत. सहदेव त्यांच्याकडे बघत बसे. चाळिशीही नीट उलटली नव्हती त्याची.

शेती थोरला भाऊ नामा बघायचा. नामा मनाचा फार चांगला. सहदेवने तंबाखू मागायच्या आत तंबाखू हातात पडे. न्हावी घरी येई. भाकरी खाटेवर येई. सहदेव उठायला लागला की नामा शेताच्या बांधावरूनही ओरडे, “तू बस रं! तुला काय कमी हाय?”

काय कमी आहे ते सहदेवला सांगता येत नसे, म्हणून तो बसे. ज्या सायकलवरून तो रोज कारखान्यात जायचा ती नामाने तो इस्पितळात असतानाच विकून टाकली होती. “आता कोन चालवनार ती?” एवढंच तो म्हणाला होता, आणि त्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

दिवाळीनंतर एकदा इंदूबाई, म्हणजे सहदेवची बायको, त्याला टेंपोत घालून डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला आणि म्हणाले, “चालणं त्रासाचं जाईल. पण सांधा हलता ठेवा, नाहीतर आहे तेवढाही राहणार नाही. सायकल चालवता येत होती का कधी?”

परत येताना चौक गाव मागे पडल्यावर सहदेव म्हणाला, “इंदू, सायकलवर पायावर वजन येत नाय.”

“मी पन त्योच विचार करत व्हते,” इंदूबाई म्हणाली. तिने कोंबड्या विकून काही पैसे बाजूला ठेवले होते. नामाला न सांगता, पुन्हा डॉक्टरकडे जातो असं म्हणून, दोघं पुढच्या आठवड्यात शिळफाट्याला मालोजीशेठच्या सायकलच्या दुकानात गेली.

मालोजीशेठ सहदेवला ओळखत होता. पूर्वी पंक्चर काढायला तो त्याच्याकडेच यायचा. त्याने आधी एक नवी, मोठ्या चाकांची काळी सायकल पुढे आणली. “मजबूत. पोतं टाकलंस तरी वाकणार नाय.”

सहदेवने हँडल धरलं. हाताला लोखंड गार लागलं आणि त्याचा जीव एकदम हलका झाला. मग उजव्या पायावर उभं राहून त्याने टांग टाकायला डावा पाय उचलला, आणि तो गुडघ्याएवढ्या उंचीवर अडकून राहिला. त्याने दात खाऊन पुन्हा उचलला. सायकल कलंडली, ती मालोजीशेठने धरली आणि सहदेवला इंदूबाईने.

दुसरी जुनी होती, जरा ठेंगणी. तीही नाही. तिसरीचं हँडल खाली वाकलेलं होतं, पोरांच्या शर्यतीतल्यासारखं. तिच्यावर चढता आलं असतं तरी पाठ वाकवून कोण बसणार? मालोजीशेठने सायकल आडवी पाडून बघितली, म्हणजे उभ्या उभ्याच दांडा ओलांडता येईल. सहदेवने आखडलेला पाय कसाबसा पलीकडे टाकला, पण सायकल उभी करताना तो खुब्यातल्या कळेने असा कळवळला की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

मालोजीशेठ थोडा वेळ डोकं खाजवत उभा राहिला. मग आतून एक सायकल घेऊन आला. हिरवी. तिला वरचा दांडाच नव्हता. नळी हँडलपासून खाली पायडलपर्यंत वळत गेलेली. सीट रुंद, खाली जाडजूड स्प्रिंगा. हँडल वर आलेलं, छातीजवळ. साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी, आणि पुढे टोपली.

“दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मागवली होती. त्यांची बदली झाली. पडून हाय कधीची, म्हणून कमी लावतो. बसून तर बघ.”

सहदेवने सायकलकडे बघितलं आणि मग रस्त्याकडे, कुणी बघतंय का म्हणून. पाय नळीवरून सहज पलीकडे गेला. तो सीटवर बसला. पाठ सरळ राहिली, खुब्यावर भार आला नाही. मालोजीशेठने मागून हलकासा धक्का दिला आणि सहदेव दुकानापुढच्या मोकळ्या जागेत निघाला. पायडल एकदा फिरलं, दोनदा फिरलं. पाय दुखत होता, पण फिरत होता. त्याने वळण घेतलं, परत आला, पुन्हा वळण घेतलं. पडल्यापासून पहिल्यांदाच तो काठी न टेकता, कुणाचा हात न धरता एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला होता. इंदूबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. “काय सहदेव! वयनीसाठी घेतोस काय?”

कारखान्यातला मोरू होता तो. बरोबर आणखी दोघंतिघं होते, सगळे ओळखीचे, सगळे हसत होते. हसणं वाईट नव्हतं. पण सहदेवचं तोंड पडलं. तो पटकन उतरला, सायकल इंदूबाईच्या हातात दिली आणि म्हणाला, “व्हय. हिच्यासाठीच. लई दिवस मागं लागली व्हती.”

इंदूबाईने त्याच्याकडे बघितलं. मग पदराच्या गाठीतले पैसे सोडून मालोजीशेठला दिले.

सायकल टेंपोतून घरी आली तेव्हा नामा खळ्यावर भात झोडत होता. तो हातातली पेंढी टाकून आला. “ही कुनाची?”

सहदेवला तिथे सांगता आलं असतं. नामाची बायको येसूबाई दारात आली होती, शेजारची माणसं जमली होती. त्याच्या तोंडून तेच निघालं. “इंदूची.”

“बाय मानूस सायकल हाननार? ह्या रस्त्यावर? आनि तू अधू होऊन बसलेला आसताना?” नामाने शेवटचं वाक्य इंदूबाईकडे बघून म्हटलं. त्याने सायकल गोठ्यात नेली आणि काम संपल्यावर नांगर टांगतात तशी दोरीने आढ्याला टांगून ठेवली. “गिऱ्हाईक बघतो आन् इकून टाकतो.”

ओटीवरच्या खाटेवरून गोठा दिसायचा. सहदेवला आता रस्त्याबरोबर तीही दिसू लागली. वाऱ्याने पुढचं चाक कधी जरासं फिरे. हात वर केला असता तरी त्याच्याने ती खाली आली नसती. आणि ती खाली घ्या म्हणायचं तर आधी कशाकशातून जावं लागणार होतं, ते तो रोज मनाशी उगाळत बसे.

इकडे इंदूबाईचं बाहेर पडणं अवघड झालं. विहिरीवर बायका म्हणायच्या, “आली गं सायकलवाली!” कुणी म्हणे, “नवरा खाटंवर, आनि हिला हौस फिरायची.” वाल पेरायला गेली की येसूबाई तिच्यापासून दूरची सरी धरायची. इंदूबाई घागर घेऊन यायची, ती सहदेवच्या समोरून आत जायची आणि चुलीपुढे बसायची.

एकदा जेवताना त्याने हळूच विचारलं, “तू कुनाला बोललीस का?”

“काय बोलू?”

“खरं काय ते.”

“खरं तुमी सांगितलंय न्हवं सगळ्यांना,” ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरी टाकली. “आता मी निराळं सांगितलं तर मीच खोटी.”

आधी सहदेव एका खोड्यात होता, आता दोन झाले होते, आणि दुसऱ्यात त्याने बायकोलाही ओढून घेतलं होतं. रोज सकाळी तो ठरवे, आज सांगायचं. नामा समोर येई, “काय पायजे का रं?” म्हणून विचारी, आणि सहदेव म्हणे, “काय नाय.”

मग नामाने गिऱ्हाईक आणलं. चौकचा माणूस, आबाजी नावाचा, मुलीसाठी सायकल बघत होता. ओटीवर त्याला चहा दिला. गोठ्याकडे बोट करून नामा म्हणाला, “नवीच हाय. आमच्या भावजयीला हौस आली व्हती. घरात काय चाललंय, नवऱ्याचे हाल काय, कशाकशाचं ध्यान नाय.”

“बायकांचं आसंच,” आबाजी हसून म्हणाला.

इंदूबाई चहाच्या बश्या उचलत होती. ती वाकलेली होती तशीच क्षणभर थांबली, मग बश्या घेऊन आत वळली.

“इंदू, थांब,” सहदेव म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. “दादा, सायकल माजी हाय.”

“तुजीच रं. तुमच्याच पैशाची.”

“तसं नव्हं. मी बसायला घेतली. मला टांग टाकता येत नाय, दांड्याच्या सायकलवर चढता येत नाय. हिच्यावर येतं. हिनं कंदी मागितली नव्हती. दुकानात मोरू हसला म्हनून मी हिचं नाव सांगितलं.”

आबाजी चपला पायात सरकवून “येतो मग” म्हणाला आणि निघून गेला.

नामाचा चेहरा लाल झाला होता. “मग तर मुळीच नाय! तू? ह्या रस्त्यावर? लॉऱ्या बघतोस ना?” त्याचा आवाज एकदम फुटला. “मला बोलवायला मानूस आला तवा तुला लॉरीत घातलेला व्हता. इस्पितळापतूर तुजा पाय मी मांडीवर धरला व्हता, सहदेवा. उलटा फिरलेला. तुला पुन्यांदा तसा उचलून न्हेयची ताकद नाय माज्यात.”

सहदेवने हे कधी ऐकलं नव्हतं. त्याने आपल्या डाव्या पायावर हात ठेवला. मग म्हणाला, “दादा, त्या लॉऱ्या मी रोज हितं बसून बघतो. तू शेतावर असतोस. कंदी कंदी वाटतं, सरपटत जावं नि रस्त्याच्या मधोमध जाऊन बसावं.”

इंदूबाई बश्या खाली ठेवून खाटेपाशी येऊन उभी राहिली. नामा खळ्याकडे चालता झाला, आणि अंधार पडेस्तोवर भात झोडत राहिला. जेवायलाही आला नाही.

सकाळी सायकल गोठ्याच्या दारात भिंतीला टेकून उभी होती. दोरी सोडून नीट गुंडाळून ठेवली होती. नामा शेतावर निघून गेला होता.

इंदूबाईने फडक्याने सीट पुसली. सहदेव बसला, एक पाय जमिनीला टेकून. “तू येतेस? मागं बस.”

“नको,” ती म्हणाली. “आता मी बसले तर पुन्हा माजीच म्हनतील.”

तो रस्त्याच्या कडेने, मातीवरून निघाला. लॉरी जवळून गेली की वाऱ्याने सायकल हलायची आणि तो हँडल आणखी घट्ट धरायचा. चौकच्या हॉटेलापुढे तो उतरला तेव्हा बाकावरची माणसं बघत होती. “काय सहदेव, वयनीची आनलीस?”

“नाय. माजीच हाय,” तो म्हणाला. कान तापले होते, पण म्हणाला. ती माणसं हसली, मग कुणीतरी सरकून त्याला जागा दिली. त्याने चहा घेतला. इतक्या माणसांमध्ये बसायची सवय मोडली होती. चहा संपला तसा तो उठला.

परतीला वारा समोरून होता. अर्ध्या वाटेत खुबा असा ठणकायला लागला की पायडल फिरेना. तो उतरला आणि ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसला. घर लांब होतं, चौकही लांब होता. लॉऱ्या जात होत्या. चालता येत नव्हतं, सायकलही हाकता येत नव्हती. त्याला रडूच यायला लागलं.

बऱ्याच वेळाने गावाच्या बाजूने कुणी तरी चालत येताना दिसलं. नामा होता. अंगावर भाताचं भूस तसंच होतं. तो जवळ आला, सहदेवच्या पायाकडे बघितलं, सायकलकडे बघितलं. सहदेवला वाटलं, आता म्हणेल, सांगितलं होतं ना तुला.

“जरा निवलं का?” नामाने विचारलं.

“जरा.”

“मग बस. वारा पडलाय.”

सहदेव नळीवरून पाय टाकून सीटवर बसला. नामाने मागचं कॅरिअर धरलं आणि दोघं लोधिवलीकडे निघाले. सहदेव पायडल मारत होता, नामा बरोबर चालत होता. त्याचा हात कॅरिअरवर घट्ट होता आणि सायकलला तो मागे ओढ द्यायचा, त्यामुळे ती मोकळी पळत नव्हती. सहदेवला ते जाणवत होतं. सोड म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण भावाचा दम लागल्याचा आवाज कानाशी येत होता, म्हणून तो नुसता पायडल मारत राहिला, आणि घर येईपर्यंत नामाने हात काढला नाही.