उकंडा कोणाचा

ही निजामीतली गोष्ट, पण तिची चीड अजून जात नाही.

गोरेगावात आशाबाईच्या घरामागं परस होतं. वांगी, मिरच्या, कुडावर चढवलेला वाल, कोपऱ्यात पेरू आणि त्याच्या पलीकडं उकंडा, म्हणजे शेणखताचा ढीग. न्हाणीचं पाणी वळवून तिनं हे सगळं जगवलं होतं. नवरा कापसाच्या हंगामात हिंगोलीला जिनिंगवर असे, तेव्हा घरची चूल याच परसावर चाले.

शेजारच्या तातेरावांना नेमका तिथंच बैलांचा गोठा बांधायचा होता. दांडगी शेतीवाडी, सगळं गाव त्यांना मालक म्हणे. जागा आपल्या वडिलांची, असं त्यांनी पाटलाच्या कानावर घातलं आणि पाटील माणिकरावांनी आशाबाईला चावडीवर बोलावलं. गावाची रीत साधी होती. ज्याचा उकंडा, त्याची जागा.

पंचाईत अशी, की तिच्या नवऱ्याचं नावच उकंडराव. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईबापानं याला जन्मल्याबरोबर उकंड्यावर ठेवून उचललं होतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं मानणारी ही बाई. लग्नापासून तिनं उकंडा हा शब्दसुद्धा उच्चारला नव्हता, खताचा ढीग म्हणायची.

पाटलानं विचारलं, उकंडा कोणाचा? ती म्हणाली, आमचा. आमचा चालत नाही, घरच्या माणसाचं नाव सांग, असं पाटील म्हणाला. तिनं पदर पुढं ओढला आणि इकडच्या बाया नवऱ्याला जे म्हणतात तेच म्हणाली.

“मालकाचा.”

“बघा पाटील,” तातेराव म्हणाले, “बाईनंच कबूल केलं.”

आणि पाटलानं ते मान्य केलं. चावडी माणसांनी भरलेली. उकंडरावाच्या मांडीला मांडी लावून जेवलेले लोक तिथं होते. ती कोणाला मालक म्हणते हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण एकाची जीभ उचलली नाही. शरम वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी तातेरावांचे गडी कुदळी घेऊन परसात शिरले आणि फुलोऱ्यावर आलेला वाल त्यांनी कुडासकट ओढून काढला. आशाबाई तडक चावडीवर गेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“उकंडा उकंडरावाचा हाये,” ती म्हणाली. “संतरामाच्या पोराचा, उकंडरावाचा. ठाऊक असून काहून इचारलं मला?”

पाटलाला गडी परत बोलवावे लागले. जागा वाचली. पण गावाला राग आला तो कशाचा? बाईनं चारचौघांत नवऱ्याचं आणि सासऱ्याचं नाव घेतलं, याचा. विहिरीवर बाया तिला पाहून आपली घागर बाजूला सारू लागल्या.

उकंडराव हिंगोलीहून आला, तेव्हा झाला प्रकार त्याला वाटेतच कळला होता. तातेरावांनी त्याला चावडीपुढंच गाठलं. मोठ्या साळसूदपणे सांगितलं, की तुझ्या बायकोनं तुझं नाव घेतलं, तिला जरा आवर.

ओट्यावर तीच सगळी माणसं बसलेली होती. उकंडरावानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं.

“तिनं न्हाई घ्यावं तर कोनं, मालक? बाकी कोनाला माझं नावच याद न्हाई म्हनं.”